कमानीला पैसे मिळाले, कडीला नाही: गावाच्या निर्णयात मुलांना विचारतं कोण?

पुळणवाट

शाळेमागचं मैदान पर्यटकांच्या गाड्यांना द्यायचं, असं आमच्या ग्रामसभेत ठरलं. चहा येईपर्यंत ठरलंसुद्धा. गाव गुहागर तालुक्यातलं आहे. नाव लिहीत नाही, कारण अर्धा गाव एकमेकांचा सोयरा आहे आणि मला इथेच राहायचंय.

त्या मैदानावर रोज संध्याकाळी कोण असतं? आठवी ते बारावीची मुलं. आणि आता मुलीसुद्धा, कारण शाळेचा कबड्डीचा संघ तिथेच सराव करतो. सभा चालू असताना यातली बरीचशी मुलं बाहेर गडग्यावर बसून ऐकत होती. एकाने खिडकीतून "मग आम्ही खेळायचं कुठे?" असं विचारलं, तर आतून उत्तर आलं, "जा रे, मोठ्यांचं चाललंय."

पार्किंग नकोच, असं मी म्हणत नाही. मी स्वतः दोन खोल्या पर्यटकांना देते. दिवाळीत आणि मे महिन्यात रस्ता कसा तुंबतो ते रोज बघते. कदाचित मुलांना विचारूनही हाच निर्णय झाला असता. पण मग निदान गाड्या फक्त सुट्टीच्या दिवशी लावायच्या, की खालचा अर्धा भाग मोकळा ठेवायचा, एवढं तरी बोलणं झालं असतं. ज्यांचं जाणार त्यांना सोडून बाकी सगळ्यांना विचारलं.

नियमाने बघितलं तर यात चूक काहीच नाही. राज्यघटनेनुसार ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांची सभा. म्हणजे अठरा पूर्ण हवीत. पंच म्हणून निवडून यायला एकवीस. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे, निदान कागदावर तरी ती होते. सतरा वर्षांच्या मुलाने मात्र कुठे बोलायचं?

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. त्याचं बारावं कलम सांगतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत, ते मांडायचा हक्क आहे आणि त्या मताला वय आणि समज बघून वजन द्यायचं. मूल म्हणेल तेच करा, असं त्यात कुठेही नाही. ऐका आणि वजन द्या, एवढंच. तेवढंही आपल्याकडे होत नाही.

मैदानाच्या प्रकरणानंतर शाळेतल्या दोन शिक्षिका, अंगणवाडीताई आणि मी, आम्ही शाळेच्या पडवीत मुलांना बसवलं. मोठं कोणी मध्ये बोलायचं नाही, ही अट. मला वाटलं होतं टर्फ मागतील, वायफाय मागतील. वायफाय मागितलं, नाही असं नाही. पण सगळ्यात जास्त बोलणं झालं ते मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीवर. कडी तुटलेली. आत जाताना एक मुलगी बाहेर दार धरून उभी राहते. कोणी कधी धरायचं याच्या पाळ्या त्यांनी आपसांत लावल्या होत्या, वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहून. दार धरायची पाळी जिची, ती मुलगी गैरहजर राहिली की बाकीच्या दिवसभर पाणी पीत नाहीत. हे मुलींना माहीत, शिक्षिकांपैकी एकीला माहीत, बाकी गावात कोणालाच नाही. त्याच वर्षी आम्ही गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभी केली होती.

दुसरी तक्रार एस्टीची. शाळा सुटते सव्वापाचला आणि गाडी फाट्यावरून जाते पाच-दहाला. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, पण गाडीच मिळत नसेल तर पास काय चाटायचा? तिसरी वहाळावरच्या साकवाची, एक फळी गेलेली. पावसाळ्यात कुठल्या दगडापर्यंत पाणी आलं की पलीकडे जायचं नाही, हे चौथीतल्या पोराने आम्हाला बोट दाखवून सांगितलं.

सगळं कागदावर लिहून ग्रामपंचायतीत दिलं. फोटो निघाला, व्हॉट्सॲपवर फिरला, "स्तुत्य उपक्रम" म्हणून अंगठे आले. नंतर काही नाही. होकार नाही, नकारही नाही. आता मुलं मला रस्त्यात विचारतात, "काकी, काय झालं?" आणि मला वाटायला लागलंय की असं विचारून गप्प बसण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

तुमच्या गावात असं काही होतं का? झालं तर पुढे काय होतं?

चाकरमानी

ताई, भावना पोचल्या, पण जरा वास्तवात या. शेंबूड पुसायचं वय नाही त्यांना ग्रामसभेत बसवायचं? मुलांनी शिकावं. आम्हाला कोणी विचारलं होतं का? बापाने एस्टीत बसवलं आणि म्हणाला, मामाकडे परळला जायचं. गेलो. वाईट झालं का?

आणि खरं सांगायचं तर आमच्या गावचे मोठे निर्णय ग्रामसभेत होतच नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार, पालखीचा मार्ग, वाडीचा रस्ता, सगळं मुंबई मंडळाच्या सभेत ठरतं. वर्गणी आमची असते. गावातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा नंतर कळवतो, पोरांचं काय घेऊन बसलात.

देवबागचो

आमका कोण इचारता? गणपतीचा मखर करूक आमी, दशावताराक मांडव घालूक आमी, रापणीक माणूस कमी पडलो काय हाक आमका. वाडीची बैठक बसली काय म्हणतत, "पोरांनू, भायर बसा."

पुढचं सरळ मराठीत लिहितो, नाहीतर रत्नागिरीवाले हसतात. माझं वय बावीस. मतदान करतो, समुद्रावर जातो. तरी बैठकीत बाबा बोलतात, मी नाही. घरटी एकच आवाज. त्यामुळे अठरा झाल्यावर सगळं मिळतं हा गैरसमज आहे. आमच्यातली काही मुलं तिशी ओलांडून, लग्न होऊन, तरी "पोरं"च आहेत. आणि बहीण पंचवीसची असली तरी तिला बैठकीचा निरोपही जात नाही.

@चाकरमानी काका, वर्गणी तुमची हे मान्य. पण पालखी खांद्यावर घेऊन पाखाडी चढायला कोण असतं? तुम्ही दोन दिवस येता.

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली, म्हणून लिहितो.

मुलांना पुढे करण्याची आपल्याला सवय आहे, विचारण्याची नाही. प्रभातफेरी काढायची तर मुलं, पाहुण्यांच्या स्वागताला लेझीम तर मुलं, स्वच्छता अभियानाची पाटी धरायला मुलं. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. मुलांचा वापर करून घेणं, मुलं शोभेला उभी करणं आणि नावापुरतं विचारणं. माझ्या नोकरीत मी जे "उपक्रम" अहवालात लिहिले, त्यातले बहुतेक दुसऱ्या पायरीवरचे होते, आणि तसेच लिहा असं वरून आलेलं असायचं.

शाळा व्यवस्थापन समिती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आली. तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. केंद्राच्या नमुना नियमांत उरलेल्या जागांपैकी एक तृतीयांश स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतली मुलं यांच्यासाठी आहेत, कोणाला घ्यायचं ते पालक ठरवतात. अंदाज करा, मूल किती ठिकाणी घेत असतील.

आता मोठा प्रश्न. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले. कोकणात वाड्या विखुरलेल्या, पोरं मुंबईला गेलेली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली होती. पट कुठून येणार? नियम सांगतो, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पण नकाशावरचा एक किलोमीटर आणि सड्यावरून उतरून, वहाळ ओलांडून पुन्हा घाटी चढायचा एक किलोमीटर हे दोन वेगळे आहेत. हा फरक त्या वाटेवरून दप्तर घेऊन चालणाऱ्यालाच कळतो. तुमचा चौथीतला तो दगड दाखवणारा मुलगा अशा प्रस्तावाच्या बैठकीत असायला हवा.

चाकरमानी

गुरुजी, शाळेचं पटलं. पण मग उद्या मुलं म्हणतील परीक्षा नको, ते पण ऐकायचं?

खडूफळा

ऐकायचं, आणि का नको ते विचारायचं. नंतर परीक्षा घ्यायचीच. माझी मुलं म्हणायची की चाचणी शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी नको. रात्रभर होळीपाशी जागून कोण लिहिणार? आम्ही ती चार दिवस पुढे ढकलली. आभाळ कोसळलं नाही.

कज्जेदलाल

कायद्याचं थोडं, कारण वर सगळं पंचायतीभोवती फिरतंय.

मुलाला विचारा, ही गोष्ट आपल्या कायद्यात बाहेरून आलेली नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातच आहे की मूल समजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. ताब्याच्या वादांत न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात बोलतात ते यामुळेच. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर आपल्या तत्त्वांच्या यादीत हे स्पष्ट लिहिलंय की मुलाला आपलं म्हणणं मांडायचा आणि आपल्याबद्दलच्या निर्णयप्रक्रियेत भाग घेण्याचा हक्क आहे. म्हणजे घर मोडलं किंवा पोरगं पोलिसात गेलं की त्याचं ऐकायचं. घर धड असेल तर कशाला विचारायचं, अशी आपली रीत!

आणखी एक, किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. एखाद्या प्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी लागते ती २००६ च्या अधिसूचनेखाली. हजर असलेल्या प्रत्येक व्यक्तीला प्रकल्पाबद्दल माहिती आणि खुलासा विचारायची संधी द्यायची, असं त्यात आहे. मतदारयादीत नाव हवं ही अट नाही. सोळा वर्षांची मुलगी उभी राहून विचारू शकते. "लहान मुलांना आत सोडू नका" असं दारावर कोणी म्हणालं तर त्याला आधार विचारा.

सतरा पूर्ण झालेल्यांसाठी: मतदारयादीचा अर्ज आगाऊ भरता येतो. आता वर्षातून एकच नव्हे, चार पात्रता तारखा आहेत. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. नाव गावात लावायचं की मुंबईत, ते मात्र नीट ठरवा. एकदा मुंबईत लावलंत की गावच्या ग्रामसभेत तुम्ही पाहुणे. हे चाकरमानी काकांनाही लागू.

हापूसवाली

मी घरातलं लिहिते. आमच्याकडे सातबारावर माझ्या भावाच्या नावापुढे कितीतरी वर्षं "अ.पा.क." होतं. अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेला, पालन करणारी आई. बाबा गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा. मुंबईचा एक गिऱ्हाईक आंब्याची बाग मागत होता, काका विकायच्या बाजूने. आईने भावाला जवळ बसवून विचारलं. तो म्हणाला, विहिरीकडची कलमं ठेवूया, ती बाबांनी बांधलेली आहेत, वरचा कातळ द्या. अकरा वर्षांच्या पोराला कळलं की कातळाला भाव जास्त आणि पीक काही नाही! शेवटी तसंच झालं. आज त्याच कलमांवर आमचं घर चालतं.

कज्जेदलाल

@हापूसवाली, तुमच्या आईने शहाणपण केलं. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञानाच्या स्वतःच्या नावची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला हे कलम लागत नाही, तिथे वेगळं गणित आहे. कोकणात जमिनी विकत घेणाऱ्या शहरी मंडळींनी सातबारावरची ही तीन अक्षरं डोळे फाडून वाचावीत.

शेवटची_एस्टी

मी बारावीत आहे. पुळणवाट काकींच्या गावची नाही, पण आमच्याकडेही पाच-दहाची गाडी आहे, त्यामुळे हसू आलं.

आमच्याकडे बालसभा झाली होती. आधी सरांनी प्रत्येकाला एक वाक्य लिहून दिलं. मला आलं होतं, "आमच्या गावात वृक्षारोपण व्हावे." आमच्या गावात झाडं सोडून दुसरं काही आहे का? मला बोलायचं होतं फाट्यावरच्या दिव्याबद्दल. क्लास सुटल्यावर अंधारात तिथे थांबावं लागतं आणि समोरच्या टपरीवर बसणारे लोक कोण असतात ते सगळ्यांना माहीत आहे. ते बोलले असते तर घरी कळलं असतं आणि आईने क्लासच बंद केला असता. म्हणून वृक्षारोपण.

हे कोणी लक्षात घेत नाही. मुली गप्प बसतात त्या मत नसतं म्हणून नाही. बोललं की उपाय म्हणून आपल्यालाच घरात बसवतात.

पुळणवाट

@शेवटची_एस्टी, हे वाचून थांबले थोडी. आमच्या पडवीतल्या सभेतही दिव्याचा विषय एका मुलीने काढला आणि लगेच "काही नाही, असंच" म्हणून बसली. मुलींची वेगळी बैठक घ्यायला हवी, आणि कोण बोललं हे न लिहिता फक्त काय बोललं ते लिहायचं. पुढच्या वेळी तसंच करते.

माजी_सदस्य

मी एक मुदत पंचायतीत काढली आहे, रायगडच्या बाजूला. तुमचा कागद का बुडाला ते सांगतो. तो अर्ज म्हणून गेला, विषय म्हणून नाही. ग्रामसभेत जे विषयपत्रिकेवर असतं त्यावर बोलणं होतं, बाकी सगळं "आयत्या वेळचे विषय" म्हणून शेवटी, आणि तोपर्यंत लोक उठलेले असतात. आमच्याकडे अर्ध्या सभा कोरमअभावी तहकूब व्हायच्या. शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते लागतं, आणि भातलावणीत तेवढी कुठून आणणार. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग पाच-सात माणसं सगळं मंजूर करून मोकळी.

पैसा नाही म्हणतील तर ऐकू नका. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दरवर्षी त्यातून शिलाई मशीन नाहीतर अंगणवाडीच्या खुर्च्या येतात, कारण ते बिल सोपं असतं. कडी, कोयंडा आणि दुरुस्ती त्यात आरामात बसते.

"आमचं गाव, आमचा विकास" या पंचायतीच्या विकास आराखड्याच्या प्रक्रियेत बालसभा घ्यायचीच असते. बालस्नेही गाव ही केंद्राने पंचायतींच्या विकासासाठी ठरवलेल्या नऊ संकल्पनांपैकी एक आहे. म्हणजे तुम्ही वेगळं काही मागत नाही, जे त्यांच्या कागदात आहे तेच मागताय. बालसभा आराखड्याच्या ग्रामसभेआधी लावा, इतिवृत्त मुलांनीच लिहावं, आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "बालसभेतील मागण्यांवर निर्णय" असा वेगळा विषय घालायला लावा. निर्णय हा शब्द हवा. "चर्चा" लिहिलं तर चर्चाच होते.

खाली कर्नाटकात, कुंदापूरच्या पट्ट्यात, मुलांच्या पंचायती १९९० च्या दशकापासून आहेत. २००६ पासून तिथल्या सरकारने प्रत्येक ग्रामपंचायतीला वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा, मक्कळ ग्रामसभा, घ्यायला लावली आहे. केरळात कुटुंबश्री या महिला गटांच्या सरकारी योजनेच्या बालसभा आहेत. आपणच मागे.

चाकरमानी

वाचतोय सगळं. कडीचा खर्च किती असेल हो? दोनशे रुपये? मी पाठवतो, नंबर द्या.

पुळणवाट

काका, मनापासून आभार, पण पैसे नकोत. कडी मीसुद्धा आणून लावू शकते, सुतार शेजारीच आहे. पण मग पुढच्या वर्षी पागोळी गळली की मुली माझ्या दारात येणार आणि पंचायत तशीच राहणार. त्या मुलींनी मागितलंय पंचायतीकडे. "हो, अमुक तारखेला लावतो" किंवा "नाही, अमुक कारणाने जमत नाही" हे त्यांना पंचायतीकडून ऐकायला मिळालं पाहिजे. नकार आला तरी चालेल. तुमची मदत दुसरीकडे हवी आहे. तुमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत गावातल्या दोन कॉलेजच्या मुलांना, एक मुलगा, एक मुलगी, फोनवरून का होईना, बसवाल का?

चाकरमानी

अध्यक्ष माझा चुलतभाऊ आहे. विचारतो. मुलीचं अवघड जाईल.

देवबागचो

काकानू, मुलीचा आधी इचारा. मुलग्याचा आपसूक होतला.

पुळणवाट

@माजी_सदस्य, तुम्ही सांगितलं तसं पत्र केलंय. विषय: "बालसभेतील मागण्यांवर निर्णय". खाली आठवीच्या दोन मुलींच्या सह्या आहेत, पंचायतीतल्या बाबूंना त्या चालतील ना?

माजी_सदस्य

पत्र कोणीही देऊ शकतं, सहीला वय लागत नाही. खाली एका मतदाराची सही असू द्या, म्हणजे विषय घेण्यावरून घोळ घालता येणार नाही. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत आणा. "ठेवा, बघतो" म्हणाले तर खुर्चीवरून उठू नका. आणि मुलींनाच घेऊन जा, शिक्का त्यांच्या हातात द्यायला लावा.

शेवटची_एस्टी

त्या पत्राचा मसुदा इथे टाकाल का? नावं काढून. आमच्याकडे दिव्यासाठी वापरते. सरांना न दाखवता.

पुळणवाट

टाकते रात्री. सध्या लाइट गेलीय.